थकवा मोजणारी यंत्रं : मोस्सोच्या दोरीपासून हायड्रोजेलच्या पट्टीपर्यंत



पत्रिकेवरचा आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे हायड्रोजेल कुठून शिरलं? शंका रास्त आहे. तेव्हा आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, आणि मग तिला घेऊन आपण सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जाऊ.

तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ईसीजी काढून घेतला असेल. छातीवर जे गोल स्टिकर चिकटवतात, त्यांच्या मधोमध एक गार, चिकट थर असतो. तो बहुधा हायड्रोजेलचा. उन्हाळ्यात आपण सब्जा भिजत घालतो आणि प्रत्येक बीभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण फुगून येतं, तेही हायड्रोजेलच. त्यात पाणीच जास्त असतं, पण लांबलचक रेणूंच्या जाळ्याने ते धरून ठेवलेलं असतं, म्हणून वाहून जात नाही. या पाण्यात मीठ असलं की त्यातून वीजही वाहते. आपलं शरीर तरी दुसरं काय आहे? खारट पाणी धरून ठेवलेलं मऊ जाळंच. म्हणून धातूच्या चकतीपेक्षा हा पदार्थ कातडीशी सहज जुळवून घेतो.

गेल्या दहाबारा वर्षांत या पदार्थाच्या पातळ पट्ट्या करून मनगटावर, गुडघ्यावर, मानेवर लावायचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांतून चालू आहेत. माणूस हलला की पट्टी ताणली जाते, दाबली जाते. घाम आला की तो तिच्यात उतरतो. त्यातून विजेचा बारीकसा संकेत मिळतो, आणि त्यावरून माणूस किती दमलाय याचा अंदाज बांधायचा. यांतल्या काही पट्ट्यांना संकेत द्यायला बॅटरी लागत नाही. अंगाच्या हालचालीतून किंवा घामातूनच त्या वीज मिळवतात. त्यांना आपण स्वयंऊर्जित म्हणू या.

आता प्रश्न असा, की दमलेल्या माणसाला 'काय रे, दमलास का?' असं विचारून जे कळतं, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? दमलेल्या माणसाला न विचारता त्याचा थकवा बाहेरून वाचता यावा, ही इच्छा फार जुनी आहे. आजची पट्टी तिचंच ताजं रूप. त्या इच्छेचा इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात करू इटलीतल्या तोरिनो शहरापासून. आन्जेलो मोस्सो हा तिथला शरीरशास्त्रज्ञ. जन्म १८४६चा, एका सुताराच्या घरातला. तरुणपणी तो जर्मनीत लायपझिगला कार्ल लुडविगच्या प्रयोगशाळेत शिकला. या लुडविगने १८४७मध्ये एक साधं पण क्रांतिकारक यंत्र केलं होतं. घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारा ढोल, त्यावर काजळी धरलेला कागद, आणि कागदावर टेकलेली लेखणी. रक्ताचा दाब वरखाली झाला की लेखणी वरखाली व्हायची आणि काजळीत रेघ उमटायची. शरीर स्वतःची नोंद स्वतः लिहितंय, ही कल्पना तिथून रुजली. पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने ती नाडीपासून घोड्याच्या चालीपर्यंत सगळीकडे नेली.

मोस्सोने हीच युक्ती थकव्याला लावली. त्याच्या यंत्राचं नाव एर्गोग्राफ, म्हणजे श्रम लिहिणारं यंत्र. हात टेबलावर पट्ट्यांनी बांधायचा. तर्जनी आणि अनामिका नळ्यांत अडकवून स्थिर करायच्या. मधल्या बोटात एक वादी, वादीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली सोडलेली, तिच्या टोकाला दोनतीन किलोचं वजन. ठरावीक तालावर, साधारण दर दोन सेकंदांनी, बोट वाकवून वजन उचलायचं. उचललं की काजळीच्या कागदावर उभी रेघ. पहिल्या रेघा उंच, मग हळूहळू बुटक्या, आणि शेवटी बोट हलतच नाही.

आता मोस्सोला जे दिसलं ते पाहा. प्रत्येक माणसाच्या रेघांचा उतार वेगळा. कुणाचं बोट बराच वेळ चांगलं चालतं आणि एकदम बसतं, कुणाचं सुरुवातीपासून सावकाश घसरत जातं. आणि एकाच माणसाचा उतार पुन्हा पुन्हा तसाच येतो, जणू त्याची सहीच. त्याचा सहकारी डॉ. माज्जोरा याच्यावर त्याने एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्याआधी त्याच्या बोटाची नोंद घेतली आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा घेतली. परीक्षेत बोटाला काहीच काम नव्हतं, तरी नंतर ते फार लवकर थकलं. इथे शिक्षक मंडळी बसली आहेत, त्यांना यासाठी यंत्राची गरज नसावी! पण मोस्सोसाठी हा पुरावा होता, की डोक्याचा शीण हातात उतरतो. दुसरा प्रयोग याच्या उलट. माणूस म्हणतो, आता बोट हलत नाही. मग त्याच स्नायूला बाहेरून विजेचा झटका दिला, तर तो पुन्हा वजन उचलतो! म्हणजे थकलं कोण, स्नायू की त्याला हुकूम देणारं मन? थकवा एका जागी बसलेली वस्तू नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

१८९१मध्ये त्याचं 'ला फातिका' म्हणजे 'थकवा' हे पुस्तक आलं आणि गाजलं. त्या पुस्तकाला एक कडवट बाजूही आहे. सैन्यात डॉक्टर असताना त्याने सिसिली पाहिलं होतं, आणि तिथल्या गंधकाच्या खाणींतून ओझी वाहून खुरटलेल्या पोरांविषयी त्याने त्यात लिहिलं. थकवा मोजायचा तो अशा लोकांचं ओझं कमी व्हावं म्हणून, अशी त्याची धारणा होती.

या यंत्राची एक गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी ती पुन्हा लागणार आहे. ढोल घड्याळाच्या किल्लीवर फिरत होता, पण रेघ ओढायची ताकद बोटाचीच होती. श्रम आणि श्रमाची नोंद एकाच हालचालीतून होत होती.

दुसरा धागा रसायनांचा. आपण मराठीत म्हणतो, 'चालून चालून पाय आंबले'. दहीही आंबतं आणि पायही आंबतात. हा शब्द कुणी प्रयोगशाळेत बसून घडवला नाही, पण एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी हेच म्हटलं. आंबलेल्या दुधात सापडलेलं लॅक्टिक आम्ल १८०७च्या सुमारास बर्झेलियसला स्नायूंतही सापडलं. १९०७मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं, की बेडकाचा स्नायू थकेपर्यंत आकुंचन पावला की त्यात हे आम्ल साठतं, आणि प्राणवायू मिळाला की कमी होतं. म्हणजे थकवा हे विष! मोस्सोनेही दमलेल्या कुत्र्याचं रक्त ताज्यातवान्या कुत्र्याला दिलं, तर तोही दमल्यासारखा वागतो, असं नोंदवलं होतं. मग विष आहे तर उतारा का नसावा? १९०४मध्ये विल्हेल्म वाइखार्ट या जर्मन संशोधकाने थकव्यावर लस सापडल्याचा दावा केला. अर्थात तो टिकला नाही. लॅक्टिक आम्लाच्या वाट्याला मात्र पुढे वेगळंच नशीब आलं. १९८०च्या दशकात जॉर्ज ब्रुक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं, की स्नायूतून बाहेर पडणारं लॅक्टेट हा निव्वळ कचरा नसून दुसऱ्या स्नायूंचं आणि हृदयाचं इंधन आहे. आज शरीरशास्त्रात ही गोष्ट मान्य आहे. हे इंधन आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

आता प्रयोगशाळेतून गिरणीत येऊ, कारण थकवा मोजायची खरी मागणी तिथून होती. मोस्सोने एर्गोग्राफवरचे निबंध प्रसिद्ध केले ते १८९० साल. याच साली, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती. १८८४च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन एक अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. साडेपाच हजार कामगारांच्या त्यावर सह्या होत्या. तोरिनोत बोटाच्या रेघांना मोस्सो जणू सहीच म्हणत होता, आणि परळला माणसं आपल्या थकव्याखाली खरोखर सही-अंगठा करत होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण थकवा जाणून घ्यायचे हे दोन मार्ग त्या एकाच काळात शेजारी शेजारी उभे होते. एक, यंत्राने वाचायचा. दुसरा, माणसाने सांगायचा आणि इतरांनी तो मानायचा.

कारखानदारीने ओढ घेतली ती पहिल्या मार्गाकडे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर हातात घड्याळ घेऊन उभा राहिला. १९११च्या पुस्तकात त्याने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या ९२ पौंडी लाद्या वाहणारा कामगार दिवसाला साडेबारा टन उचलायचा, तो साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला. मजुरी वाढली १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर. काम चौपटीच्या जवळ, दाम दीडपटीच्या थोडं वर. टेलरचा हिशोब होता, की असा माणूस दिवसाचा ४३ टक्केच वेळ भाराखाली असावा, बाकीचा वेळ रिकाम्या हाताने. म्हणजे विश्रांतीही हिशोबात धरलेली होती. फक्त ती कधी घ्यायची हे कामगार ठरवत नव्हता.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये याच्या उलट धडा मिळाला. दारूगोळ्याच्या कारखान्यांतून बायका आणि पुरुष आठवड्याला सत्तरसत्तर तास राबत होते. १९१५मध्ये त्यांच्या आरोग्यासाठी समिती नेमली गेली. तिच्यासाठी एच. एम. व्हर्नन यांनी कामाच्या तासांचे आणि मालाचे आकडे शेजारी शेजारी मांडले. दिसलं असं, की तास कमी केल्यावर काही कामांत आठवड्याचा एकूण माल वाढला. यातून १९१८मध्ये औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी खास मंडळ स्थापन झालं. आणि याच मंडळासाठी काम करणाऱ्या बर्नार्ड मशिओ या मानसशास्त्रज्ञाने १९२१मध्ये एक निबंध लिहिला, त्याचं शीर्षकच प्रश्न होतं : थकव्याची चाचणी शक्य आहे का?

मशिओचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. तो म्हणतो, एखादी चाचणी थकवा मोजते हे सिद्ध करायचं, तर वेगवेगळ्या वेळी माणूस किती थकलेला आहे हे आधीच दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने माहीत पाहिजे. तो मार्गच नसेल, तर चाचणी ताडून कशाशी पाहायची? त्याने निष्कर्ष काढला, की काटेकोर शास्त्रीय चर्चेतून 'थकवा' हा शब्दच काढून टाकावा आणि त्याची चाचणी शोधायचा नाद सोडावा.

अर्थातच कुणी नाद सोडला नाही. १९२७मध्ये हार्वर्ड विद्यापीठात थकव्याची प्रयोगशाळा निघाली. कुठे? बिझनेस स्कूलच्या तळघरात. जागेवरूनच कळतं, की हा प्रश्न कुणाला पडला होता. पण तिथल्या डेव्हिड ब्रूस डिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काम मोलाचं केलं. १९३२च्या उन्हाळ्यात ते नेवाडाच्या वाळवंटात गेले, जिथे आजचं हूवर धरण बांधलं जात होतं आणि आदल्या उन्हाळ्यात मजूर उष्म्याने मेले होते. त्यांनी घाम तपासला. उष्म्याला सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी जातं, हे त्यांना दिसलं. मजुरांच्या आहारात पुरेसं मीठ असणं का गरजेचं आहे, ते त्यातून उलगडलं. आज पट्टी घामातले क्षार मोजते, त्या मोजणीची ही आजी. प्रयोगशाळा १९४७मध्ये बंद झाली. या सगळ्या मंडळींनी एक 'थकवा' मोजला नाही. त्यांनी नाडी, श्वास, घाम, रक्तातलं आम्ल असं सुटं सुटं मोजलं.

दरम्यान, दुसऱ्या महायुद्धात एक वेगळीच अडचण समोर आली. केंब्रिजमध्ये केनेथ क्रेक याने लढाऊ विमानाच्या कॉकपिटची नक्कल उभारली आणि वैमानिकांना त्यात तासन्‌तास बसवलं. दमलेला वैमानिक एकदम चुकत नव्हता. मुख्य काट्यांकडे त्याचं लक्ष असायचं, पण कडेची कामं, उदाहरणार्थ इंधनाचा काटा पाहणं, सुटायची. आणि गंमत म्हणजे कामगिरी घसरत असताना त्याला स्वतःला वाटायचं की आपलं ठीक चाललंय, यंत्रंच नीट चालत नाहीत! फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे निष्कर्ष मांडले. १९४८मध्ये नॉर्मन मॅकवर्थ याने दाखवलं, की घड्याळासारख्या काट्याची क्वचित पडणारी दुहेरी उडी टिपत बसलेल्या माणसाच्या नजरेतून पहिल्या अर्ध्या तासानंतरच जास्त उड्या सुटायला लागतात. म्हणजे यंत्राच्या बाजूनेही काही म्हणणं आहे. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे नेहमी कळतंच असं नाही. रात्रीचा ट्रकचालक किंवा सलग दुसरी पाळी करणारी परिचारिका यांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. हायड्रोजेलच्या पट्टीमागची खरी निकड हीच.

आता पट्टीकडे येऊ. १९६०मध्ये प्रागच्या ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी शरीराला चालेल असा पाणीदार जेल तयार केल्याचं जाहीर केलं. १९६१च्या नाताळात विख्टर्लेने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातले सांगाड्याचे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून पहिली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतली. पण हे जेल नाजूक होतं, सब्जासारखंच बोटाने चिरडेल असं. २००३मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठात ज्यान पिंग गोंग यांनी एक ताठ आणि एक सैल अशी दोन जाळी एकमेकांत गुंतवली. ताण आला की ताठ जाळं आतल्या आत तुटतं, ताण पिऊन घेतं आणि सैल जाळं सगळ्याला धरून ठेवतं. जेल चिवट झालं. २०१२मध्ये हार्वर्डच्या चमूने मूळ लांबीच्या वीसपट ताणलं जाणारं जेल दाखवलं. गुडघ्यावर लावता येईल असा पदार्थ आता हातात होता.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणातून वीज देणारं छोटं जनित्र मांडलं. थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ही वीज. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. ते दूर झाले की विद्युतदाब तयार होतो. २०१७मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी आणि वांग यांनी मिळून खारवलेलं हायड्रोजेल रबरासारख्या दोन पातळ थरांमध्ये बसवलं. कातडी त्या थराला टेकते, सुटते, आणि प्रत्येक वेळी विजेचा एक ठोका उमटतो. जोर आणि वेग बदलला की ठोका बदलतो.

आठवतं का, मोस्सोच्या लेखणीला ताकद बोटाचीच होती? मधल्या शंभर वर्षांत आपण बॅटऱ्या, तारा आणि पडदे जोडत गेलो. ही पट्टी पुन्हा तिथेच आली. पाऊल पडतं, तेच काम आणि तीच त्याची नोंद. फरक एवढाच, की मोस्सोच्या माणसाचा हात टेबलाला बांधलेला होता, आणि हा माणूस आपल्या कामावर आहे.

घामाचा मार्गही आहे. २०१६मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी घामातलं सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज आणि लॅक्टेट एकाच वेळी मोजणारा पट्टा दाखवला. २०२०मध्ये कॅलटेकच्या गटाने एक कृत्रिम कातडी केली, ती घामातल्या लॅक्टेटवरच चालते. पाय आंबवणारं म्हणून बदनाम झालेलं आम्ल आता नोंदवहीच्या दिव्यात तेल म्हणून जळतंय!

तरी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, 'बॅटरीविना' हा शब्द जपून ऐका. पुष्कळदा संकेत स्वतःच्या विजेवर निघतो, पण तो मोठा करून मोबाइलकडे पाठवायला वेगळी वीज लागते. शिवाय जेल वाळतं, थंडीत गोठतं, म्हणून त्यात क्षार किंवा ग्लिसरीन घालावं लागतं. आणि घर्षणाच्या विजेला ओलावा सोसत नाही, दमलेला माणूस तर घामाने निथळत असतो. या अडचणी आज ना उद्या सुटतील.

दुसरी गोष्ट मशिओची. पट्टी चालीतला बदल सांगेल, श्वासाची लय सांगेल, घामातलं मीठ सांगेल. या सगळ्याची गोळाबेरीज करून पडद्यावर 'थकवा : जास्त' असं उमटेल. पण ती गोळाबेरीज शिकवताना बहुतेक वेळा माणसालाच विचारावं लागतं, की बाबा, तुला आता किती दमल्यासारखं वाटतंय? ज्याला विचारायचं टाळण्यासाठी यंत्र काढलं, त्याच्याच उत्तरावर यंत्राची परीक्षा होते. १९२१चा प्रश्न सुटलेला नाही, फक्त तो आता पडद्याआड गेलाय.

मग अशी पट्टी नको का? माझं मत, हवी. केंब्रिजच्या वैमानिकांनी दाखवलंय की आपला थकवा आपल्यालाही चकवतो. पण पट्टीवरचा आकडा कुणाकडे जातो, हे तिच्या अचूकतेइतकंच महत्त्वाचं आहे. चालकाच्या मनगटावर पट्टी थरथरली आणि गाडी बाजूला घेऊन अर्धा तास झोपायचा त्याला हक्क असेल, तर ती मोस्सोची वारस. तोच आकडा थेट मालकाच्या पडद्यावर गेला आणि महिनाअखेर 'लवकर दमतो' म्हणून त्याची फेरी कापली गेली, तर ती टेलरच्या घड्याळाची वारस. वस्तू तीच, जेलही तेच.

लोखंड्यांच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांकडे कुठलंही मोजमाप नव्हतं. त्यांनी दमल्याचं सांगितलं, आणि ते मान्य व्हायला सहा वर्षं लागली. उद्या पट्टी सांगेल तेव्हा तिचं तरी लगेच ऐकलं जाईल का, की तिच्या आकड्यावरही सह्या गोळा कराव्या लागतील, हे जेलच्या रसायनावर ठरणार नाही. ते कामाच्या जागी नियम कोण करतं त्यावर ठरेल. त्या नियमांबद्दल बोलायची वेळ, पट्ट्या बाजारात सरसकट यायच्या आधीची, म्हणजे आत्ताची आहे.

तुम्हीही एव्हाना दमला असाल, तेव्हा इथे थांबतो.